रेंज नसलेल्या जागी मेसेज: उपग्रहाच्या सोयीसाठी फोन बदलावा का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुमचा फोन तीन वर्षांचा आहे आणि नीट चालतोय. वर्षातून सहा-सात वेळा तुम्ही डोंगरात जाता, कधी एकटे, कधी दोन मित्रांबरोबर. दिवसभर रेंज नसते आणि घरी बायकोचा जीव टांगणीला लागतो. नव्या फोनांत उपग्रहावरून मेसेज जातो हे कळल्यावर ती म्हणते घेऊन टाका, आणि मित्र म्हणतो ही नुसती जाहिरात आहे. तेव्हा फोन बदलावा, वेगळं उपकरण घ्यावं, की आहे तसंच चालू द्यावं?

मी बरीच वर्षं डोंगरात गट घेऊन जातो, आणि त्याच्या जोडीनं एका शोध-बचाव पथकात संपर्काचं काम पाहतो. म्हणजे रेंज नसलेल्या जागेवरून निरोप पाठवणं आणि खाली बसून निरोपाची वाट पाहणं, दोन्ही केलंय. माझं मत बनलंय ते जास्त करून वाट पाहताना. म्हणून उत्तर जरा लांबेल.

तुमच्या प्रश्नात दोन गरजा एकमेकींत मिसळल्या आहेत, त्या आधी सुट्या करू. एक म्हणजे जिवावर बेतलं तर मदत बोलावणं. दुसरी म्हणजे काहीही बिघडलेलं नसताना, फक्त उशीर झालाय किंवा बेत बदललाय, हे घरी कळवणं. पहिली गरज कदाचित आयुष्यात एकदा पडेल, कदाचित कधीच नाही. दुसरी जवळजवळ प्रत्येक फेरीत पडते. बहुतेक लोक पहिलीच्या भीतीनं पैसे खर्च करतात आणि प्रत्यक्षात उपयोग होतो तो दुसरीसाठी.

एक प्रसंग सांगतो. उतरताना एका ओढ्याला अचानक पाणी वाढलं आणि आमचा आठ जणांचा गट वरच्याच काठावर अडकला. कुणाला खरचटलंही नव्हतं. जेवण होतं, अंथरूण-पांघरूण होतं, रात्र काढणं काहीच अवघड नव्हतं. पण रात्री ९ पर्यंत खाली पोचलो नाही तर शोध सुरू करायचा असं ठरलेलं होतं. उपग्रहावरून एक ओळ गेली: आठही जण ठीक, ओढ्याच्या अलीकडे मुक्काम, सकाळी १० पर्यंत खाली. त्या एका ओळीमुळे अंधारात, पावसात वीस माणसं डोंगर चढायला निघाली नाहीत. पथकात काम केल्यावर कळतं, की रात्रीच्या शोधात शोधणाऱ्यांचाही जीव पणाला लागलेला असतो. माझ्या हिशेबात ती ओळ कुठल्याही आणीबाणीच्या हाकेइतकीच मोलाची होती.

आता ही सोय चालते कशी, ते थोडं समजून घ्यायला हवं. कारण ती कुठे दगा देईल हे त्यावरूनच कळतं.

सर्वात आधी एक गैरसमज. फोनमधलं जीपीएस आणि उपग्रहावरचा मेसेज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून सतत संकेत पाठवत असतात आणि फोन ते फक्त ऐकतो. त्यामुळे नकाशावर तुमचा ठिपका दिसतो, पण त्या उपग्रहांना तुम्ही आहात हे माहीतही नसतं. मेसेज पाठवायचा तर फोनला स्वतः आकाशात 'बोलावं' लागतं, आणि ते त्याच्यासाठी फार कष्टाचं काम आहे. फोन साधारण ०.२ वॅट ताकदीनं प्रक्षेपण करतो. एवढ्यात चार-पाच किलोमीटरवरचा टॉवर गाठणं सोपं असतं. शेकडो किलोमीटर वरचा उपग्रह गाठायचा तर आकाश स्वच्छ मोकळं लागतं आणि धीर लागतो.

उपग्रह कुठला आहे यावरही खूप काही ठरतं. ॲपलनं १५ नोव्हेंबर २०२२ रोजी अमेरिका आणि कॅनडात आयफोन १४ साठी उपग्रहावरून मदत मागण्याची सोय सुरू केली, ती ग्लोबलस्टार या कंपनीच्या उपग्रहांवर. ते जमिनीपासून सुमारे १,४०० किलोमीटरवर फिरतात. फिरते असल्यामुळे एक मावळतो, दुसरा उगवतो, आणि फोन पडद्यावर सांगतो की डावीकडे वळा, उजवीकडे वळा. हे उपग्रह आरशासारखे आहेत. तुमचा संकेत पकडून तो तसाच खालच्या भू-केंद्राकडे पाठवतात. म्हणजे एकाच वेळी उपग्रहाला तुम्हीही दिसायला हवेत आणि भू-केंद्रही. भर समुद्रात किंवा भू-केंद्रापासून फार दूरच्या प्रदेशात डोक्यावर उपग्रह असूनही निरोप जात नाही, तो यामुळे. इरिडियम या दुसऱ्या कंपनीचे ६६ उपग्रह सुमारे ७८० किलोमीटरवर आहेत आणि ते आपापसात बोलतात. तुमचा निरोप एकाकडून दुसऱ्याकडे जात जात भू-केंद्रापर्यंत पोचतो, म्हणून ते ध्रुवांपासून महासागरांपर्यंत सगळीकडे चालतं. गिर्यारोहकांची वेगळी उपकरणं बहुधा याच जाळ्यावर असतात.

काही अँड्रॉइड फोन तिसऱ्याच रस्त्यानं जातात. गूगलच्या पिक्सेल ९ मध्ये २०२४ साली आलेली सोय स्कायलो या कंपनीमार्फत भूस्थिर उपग्रह वापरते. हे उपग्रह विषुववृत्ताच्या वर ३५,७८६ किलोमीटरवर एकाच जागी स्थिर दिसतात. एकदा दिशा सापडली की तो हलत नाही, हा फायदा. पण उत्तर गोलार्धात तो नेहमी दक्षिणेकडे असतो, आणि तुम्ही जितके उत्तरेला जाल तितका क्षितिजाकडे झुकलेला. तुमच्या दक्षिणेला उंच कडा असेल तर कितीही वेळ थांबलात तरी त्या कड्यामागून तो बाहेर येणार नाही. फिरत्या उपग्रहांच्या बाबतीत दहा मिनिटं थांबणं शहाणपणाचं असतं, इथे मात्र जागा बदलावी लागते. आपल्या फोनमध्ये कुठली पद्धत आहे हे माहीत असणं म्हणूनच महत्त्वाचं. दुकानात हे कुणी सांगत नाही.

आणि चौथा प्रकार, ज्यामुळे तुमच्या प्रश्नाचं उत्तर गेल्या काही वर्षांत बदललंय. यात उपग्रहच मोबाइलच्या टॉवरचं काम करतो. स्टारलिंकनं जानेवारी २०२४ मध्ये असे पहिले सहा उपग्रह सोडले आणि काही दिवसांतच साध्या फोनवरून मेसेज पाठवून दाखवले. न्यूझीलंडमध्ये वन एनझेडनं डिसेंबर २०२४ मध्ये ही मेसेजसेवा ग्राहकांना दिली, अमेरिकेत टी-मोबाइलनं जुलै २०२५ मध्ये. हे उपग्रह सुमारे ३६० किलोमीटरवर, म्हणजे खूप खाली आहेत. भूस्थिर उपग्रहाच्या तुलनेत अंतर शंभरावा हिस्सा, आणि अंतर शंभरपट कमी झालं की पोचणारी ताकद दहा हजारपट वाढते. म्हणूनच ते कुठलाही खास भाग नसलेल्या, काही वर्षं जुन्या फोनशीही बोलू शकतात. मर्यादा अशी की ते त्या त्या मोबाइल कंपनीच्या फ्रिक्वेन्सी वापरतात, आणि त्यांचा परवाना देशापुरता असतो. सीमा ओलांडली की उपग्रह डोक्यावर असूनही सेवा बंद होऊ शकते.

तुमच्या दृष्टीनं यातून निघतं ते असं. फोन बदलण्याआधी तुमची मोबाइल कंपनी अशी सेवा देते का किंवा देणार आहे का, हे विचारा. देत असेल तर कदाचित तुमच्या हातातल्या फोनवरच ती चालेल आणि नव्या फोनचा प्रश्नच मिटेल. देत नसेल, तर ज्या फोनवर नजर आहे त्याची उपग्रह सोय तुम्ही जाता त्या देशात चालू आहे का, हे कंपनीच्या अधिकृत यादीत पाहा. फोनमध्ये भाग असणं आणि त्या देशात सेवा असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शिवाय फोन कुठे विकत घेतला यानंही फरक पडतो. चीन, हाँगकाँग आणि मकाऊमध्ये विकलेल्या आयफोनांवर ॲपलची ही सोय चालत नाही.

'पुढच्या अपडेटमध्ये येणार आहे' यावर भरवसा ठेवून काही घेऊ नका, हे मी कळकळीनं सांगतो. जानेवारी २०२३ मध्ये फोनच्या चिप बनवणारी क्वालकॉम आणि इरिडियम यांनी मिळून अँड्रॉइड फोनसाठी उपग्रह मेसेजची मोठी घोषणा केली होती. त्याच वर्षाच्या अखेरीस तो करार संपला, कारण फोन बनवणाऱ्यांनी ती सोय आपल्या फोनांत घातलीच नाही. त्या घोषणेवर विसंबून कुणी डोंगरातले बेत आखले असते तर काय झालं असतं? ज्या दिवशी पैसे द्याल त्या दिवशी जे चालतंय, तेवढंच तुमचं.

आता मित्राच्या म्हणण्याकडे वळतो. ही नुसती जाहिरात नाही, हे मी ठामपणे सांगेन. डिसेंबर २०२२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या अँजलिस राष्ट्रीय वनात एका जोडप्याची गाडी सुमारे ३०० फूट खोल दरीत कोसळली. तिथे रेंज नव्हती. फोननं अपघात ओळखला, उपग्रहावरून निरोप गेला आणि हेलिकॉप्टरनं दोघांना वर काढलं. त्याच महिन्याच्या सुरुवातीला अलास्कात बर्फावरच्या गाडीनं प्रवास करताना अडकलेल्या एकाची सुटकाही अशाच निरोपामुळे झाली. सप्टेंबर २०२४ च्या अखेरीस हेलीन चक्रीवादळानं अमेरिकेच्या आग्नेय भागातले टॉवर बंद पाडले. त्याच्या दहा-बारा दिवस आधीच आयफोनच्या नव्या प्रणालीत घरच्यांना साधे मेसेज उपग्रहावरून पाठवण्याची सोय आली होती. ज्यांनी ती प्रणाली आधीच टाकून घेतली होती, त्यांना आपण सुखरूप आहोत हे कळवता आलं. ही शेवटची गोष्ट डोंगराशी संबंध नसलेल्या माणसांनीही लक्षात ठेवावी. वादळात, पुरात, भूकंपात रेंज जाते ती भर वस्तीत.

पण मित्राच्या शंकेत तथ्य आहे, आणि ते 'परिस्थितीवर अवलंबून' या दोन शब्दांत आहे. कुठल्या परिस्थितीवर, ते सांगतो.

पहिलं, आकाश. मोकळ्या आकाशाखाली निरोप १५ सेकंदांत जाऊ शकतो आणि झाडांच्या पानांखाली मिनिटभराहून जास्त लागू शकतं, असं ॲपल स्वतःच सांगते. माझा अनुभव असा की माणसं अडचणीत सापडतात ती बहुधा आकाश न दिसणाऱ्या जागीच: घळीत, नाळेत, कड्याच्या पोटात, दाट जंगलात. पाय घसरतो तो धारेवरून, पण माणूस सापडतो खाली. एकदा आमच्या ओळखीच्या दोघांपैकी एकाचा घोटा नाळेत मोडला. फोन चांगला होता, सोय चालू होती, पण दोन्हीकडच्या भिंतींमधून आकाशाची अरुंद पट्टी दिसत होती आणि पाऊण तास निरोप जाईना. शेवटी दुसरा धारेपर्यंत चढून गेला तेव्हा निरोप गेला, आणि मग उत्तर घेऊन पुन्हा खाली यावं लागलं. तिथे दुसरा माणूस होता म्हणून हे जमलं. तुम्ही कधी कधी एकटे जाता असं म्हणालात, त्या दिवसांचा विचार करताना ही नाळ डोळ्यासमोर ठेवा.

दुसरं, बॅटरी. डोंगरात हाच फोन कॅमेरा असतो, नकाशा असतो, अंधार पडला की विजेरी असतो. रेंज नसली की टॉवर शोधण्यात तो स्वतःही दमत राहतो. संकटाची वेळ सहसा संध्याकाळी येते, जेव्हा फोनमध्ये १५ टक्के उरलेले असतात. थंडीत तर त्यातलेही अचानक नाहीसे होतात. मी गटातल्या सगळ्यांना सांगतो: फोन विमान मोडवर ठेवा, थंडीत अंगाजवळच्या खिशात ठेवा, आणि पॉवर बँक हा सामानाचा भाग समजा. निरोप पाठवायच्या वेळी विमान मोड काढायला विसरू नका, कारण घाबरलेला माणूस नेमकं तेच विसरतो.

तिसरं, तुम्ही स्वतः. फोननं आपोआप ओळखलेला अपघात सोडला, तर निरोप पाठवायला माणूस शुद्धीत लागतो, बोटं चालावी लागतात, पडदा फुटलेला नसावा लागतो. ओल्या, गारठलेल्या बोटांना पडदा दाद देत नाही, हे पावसात एकदा करून पाहा.

चौथं, पलीकडे कोण आहे. माझ्या मते सगळ्यात जास्त विचार यावर व्हायला हवा आणि सगळ्यात कमी होतो. आणीबाणीची हाक असेल तर तुमचा निरोप नेमक्या ठिकाणाच्या आकड्यांसह आपत्कालीन यंत्रणेकडे किंवा मधल्या प्रशिक्षित माणसांकडे जातो, आणि ती माणसं पुढची सूत्रं हलवतात. तरीही निरोप पोचणं आणि मदत पोचणं यांत तास असतात. हवा खराब असेल तर हेलिकॉप्टर उडत नाही. पायी येणाऱ्या पथकाला जमायला, गाडीनं पायथा गाठायला, चढायला वेळ लागतो. निरोप गेल्यावरही रात्र उबेत काढण्याइतकं सामान तुमच्या पाठीवर हवं. फोनमुळे जॅकेट घरी राहिलं तर फोन न घेतलेला बरा.

घरच्यांना पाठवलेल्या साध्या मेसेजच्या बाबतीत पलीकडे तुमची बायको आहे. तिला काय करायचं ते माहीत आहे का? 'अडकलोय, मदत पाठव' एवढंच तिला मिळालं, तर ती कुणाला फोन करणार? कुठल्या वाटेनं गेलात, किती जण आहात, गाडी कुठे लावलीय हे ती सांगू शकेल? पथकात बसून अशा घाबरलेल्या नातेवाइकांशी मी बोललोय. निरोप मिळालेला असतो, पण त्यात काहीच नसतं, आणि मग उपग्रहावरून एकेक प्रश्न विचारत, एकेका उत्तराची काही मिनिटं वाट पाहत अर्धा-पाऊण तास जातो. म्हणून पहिल्याच मेसेजमध्ये सगळं घाला: किती जण, कुठे, काय झालंय, प्रत्येकाची अवस्था, तुम्ही तिथेच थांबणार की हलणार, आणि पुढचा मेसेज किती वाजता. उदाहरणार्थ: 'दोघे आहोत. उत्तर धारेवर खिंडीच्या खाली, पाण्याच्या टाक्याजवळ. एकाचा पाय मोडलाय, शुद्धीत आहे, रक्तस्राव नाही. हलणार नाही. गरम कपडे आहेत, पाणी एक लिटर. पुढचा मेसेज ७ वाजता.' असा मेसेज मिळाला की खालचा माणूस लगेच कामाला लागतो.

इथवरचं घेऊन तुमच्या तीन पर्यायांकडे येतो.

फक्त या सोयीसाठी चालता फोन बदलू नका. फोन तसाही बदलायची वेळ आली असेल तर ही सोय असलेला घ्या. तुमच्या देशात ती चालते याची खात्री करा, आणि किती काळ मोफत व नंतर काय, हे वाचून घ्या. ॲपल आणि गूगल या दोघांनीही सुरुवातीला दोन वर्षं मोफत अशी पद्धत ठेवली, आणि आयफोन १४ वाल्यांना ती मुदत पुढे वाढवूनही मिळाली. पण कंपनी मुदत वाढवेल असं धरून चालू नका.

एकटे जाण्याचे दिवस तुमच्या वर्षात असतील तर वेगळ्या उपकरणाचा विचार गंभीरपणे करा. गार्मिनच्या इनरीचसारखं उपकरण इरिडियमवर चालतं, दोन्ही बाजूंनी मेसेज जातात, त्याची बॅटरी कित्येक दिवस पुरते, आणि फोन फुटला तरी त्यावरचं मदतीचं बटण चालतं. आधी लिहून ठेवलेला 'ठीक आहे' हा मेसेज एका बटणानं जातो आणि तुमची वाट घरी नकाशावर दिसत राहते. तुमच्या घरची काळजी खरं तर याच सोयीनं मिटेल. त्याला वर्गणी लागते, हे मात्र हिशेबात धरा.

आणखी एक वस्तू आहे, जिच्याबद्दल तुम्ही विचारलं नाही: पीएलबी, म्हणजे अंगावर बाळगायचा संकटसूचक. तो ४०६ मेगाहर्ट्झवर सुमारे ५ वॅट ताकदीनं, म्हणजे फोनच्या पंचवीसपट जोरानं हाक देतो, आणि एकदा सुरू केला की किमान २४ तास देत राहतो. त्यामागची कोस्पास-सारसॅट ही आंतरराष्ट्रीय यंत्रणा १९८२ पासून माणसं वाचवतेय. वर्गणी नाही, पण तुमच्या नावानं नोंदणी करावी लागते. त्यावरून गप्पा मारता येत नाहीत, उशीर झाल्याचंही कळवता येत नाही. फक्त मृत्यू समोर दिसत असेल तेव्हा वापरायची ती वस्तू आहे. तुमची रोजची गरज ती भागवणार नाही. पण जो माणूस नेहमी एकटा, फार दूर जातो आणि ज्याला घरी सारखं कळवायचं नसतं, त्याला मी फोन आणि इनरीच या दोन्हींआधी पीएलबी सुचवतो.

यातलं काहीही घेऊन दुसऱ्या देशात जाणार असाल तर तिथला कायदा आधी पाहा. भारतासह काही देशांत परवान्याशिवाय उपग्रह फोन किंवा तशी संपर्क साधनं जवळ बाळगणं बेकायदा आहे, आणि अशी उपकरणं सामानात सापडल्यामुळे विमानतळावर प्रवाशांना ताब्यात घेतल्याच्या घटना घडल्या आहेत. त्यातल्या काहींचा हेतू जीव सांभाळण्याचाच होता.

शेवटचा पर्याय, काहीच न घेण्याचा. तोही वाटतो तितका वाईट नाही, पण त्यासाठी शिस्त लागते. निघताना घरी एक कागद ठेवायचा: वाट कुठली, बरोबर कोण, गाडीचा नंबर, खाली पोचण्याची वेळ, आणि किती वाजेपर्यंत काही कळलं नाही तर कुणाला फोन करायचा. रेंज नाही असं दिसत असतानाही आणीबाणीचा नंबर लावून पाहायचा, कारण तो कॉल जवळच्या कुठल्याही कंपनीच्या टॉवरवरून जाऊ शकतो. बोलणं होत नसलं तरी धारेवर चढून पाठवलेला साधा एसएमएस कधी कधी निसटून जातो. उपग्रह येण्याआधी आम्ही एवढ्याच भांडवलावर काम केलंय. आणि उपग्रह आल्यावरही तो कागद मी सोडलेला नाही. मेसेज घळीत अडकू शकतो, बॅटरी संपू शकते, फोन पाण्यात पडू शकतो. तेव्हा ठरलेली वेळ टळली की शोध सुरू होतो, तो त्या कागदामुळे.

उपग्रह मेसेजच्या दुसऱ्या पैलूबद्दल तुमच्या बायकोशी आधीच बोला. घरच्यांना एकदा उपग्रहावरून मेसेज यायची सवय लागली की मेसेज न येणं म्हणजेच संकट असं वाटू लागतं. पूर्वी संध्याकाळपर्यंत निवांत असलेलं घर दुपारी दोनलाच हवालदिल होतं. आमच्याकडे अशा चिंतेतून आलेले फोन वाढलेत, आणि त्या माणसांचा दोष नाही. म्हणून ठरवून टाका: मेसेज आला तर उत्तम, नाही आला तर कागदावरच्या वेळेपर्यंत काहीही झालेलं नाही असंच धरायचं.

तुमच्या जागी मी असतो तर काय केलं असतं? मित्रांबरोबरच्या फेऱ्यांसाठी सध्याचाच फोन, कागद आणि पॉवर बँक. मोबाइल कंपनी उपग्रह सेवा देत असेल तर तीही. एकट्यानं जायच्या दिवसांसाठी, कायदा परवानगी देत असेल तर, एक वेगळं दुहेरी मेसेजचं उपकरण. ते मित्रांमध्ये मिळून घेतलं तरी चालतं, कारण ते गटात एकच लागतं. पुढे फोन जुना होऊन बदलाल तेव्हा उपग्रहाची सोय असलेला घ्याल, आणि तोवर या सेवा अजून कितीतरी पुढे गेलेल्या असतील.

जे काही घ्याल ते डोंगरात नेण्याआधी घराजवळच्या मोकळ्या मैदानावर वापरून पाहा. आयफोन आणि पिक्सेल दोन्हींत सरावाची सोय आहे, त्यात खरी हाक जात नाही. बायकोलाही बरोबर न्या, तिला उपग्रह शोधू द्या, फोन कसा फिरवायचा ते तिच्या हातानं होऊ द्या. तिच्या फोनवर तुमचा मेसेज कसा दिसतो आणि त्याला उत्तर कसं द्यायचं, तेही पाहा. आयफोनवर एक बारकावा आहे: उपग्रहावर असताना तुम्ही आधी मेसेज न करताही एसएमएस येऊ शकतात, ते फक्त तुमच्या आपत्कालीन संपर्कातल्या आणि कौटुंबिक गटातल्या माणसांचे, आणि ही नावं रेंजमध्ये असतानाच भरून ठेवावी लागतात. माझ्या गटातल्या एकानं ती भरली नव्हती. तो दिवसभर घरून मेसेज यायची वाट पाहत होता आणि घरचे पाठवत होते ते त्याच्यापर्यंत पोचतच नव्हतं. तुमच्या आत्ताच्या फोनमध्येही आपत्कालीन संपर्क, रक्तगट आणि औषधांची माहिती भरायची जागा आहे. ती आज रात्रीच भरून टाका, त्याला उपग्रह लागत नाही.